स्पर्धा आठ आठवड्यांवर आणि खुबा दुखतोय : पॉवरलिफ्टिंग करणाऱ्यांनी नेमकं काय करायचं?

समजा, बिबवेवाडीत अप्परला राहणारा २४ वर्षांचा एक मुलगा आहे. दिवसभर मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर हिशेबाचं काम आणि संध्याकाळी साडेसातला जिम. दोन वर्षांपूर्वी 'बॉडी बनवायची' म्हणून आलेला हा मुलगा आता पॉवरलिफ्टिंग करतो. वजनी गट ८३ किलो, स्क्वॉट १८० किलो. स्पर्धा आठ आठवड्यांवर आलीये. प्रवेश फी भरून झालीये आणि घरी, गाळ्यावर सगळ्यांना सांगूनही झालंय.

आणि गेले दहा दिवस स्क्वॉटमध्ये पूर्ण खाली बसलं की त्याच्या उजव्या जांघेत चमक मारतेय.

आता त्याला सल्ले मिळायला लागतात. जिममधला सिनियर म्हणतो, "वॉर्मअप कमी पडतोय तुझा." आई म्हणते, "बंद कर ते वजनं उचलणं." मोबाईलवर एक परदेशी कोच तीस सेकंदांच्या रीलमध्ये एक स्ट्रेच दाखवून 'हिप पेन कायमचं गायब' असं सांगतो. मेडिकलवाला दोन गोळ्या काढून देतो. आणि चेंजिंग रूममध्ये कुणीतरी दबक्या आवाजात 'एक इंजेक्शन आहे' असं सांगतं.

हा मुलगा काल्पनिक आहे. हे पाच सल्ले मात्र पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये ऐकायला मिळतील. यातला कुठला ऐकायचा, यावर त्याची स्पर्धाच नाही, तर पुढची कित्येक वर्षं अवलंबून असू शकतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

आत्ताच हा विषय का?

गेल्या काही वर्षांत जिमशी संबंधित तीन प्रकारच्या बातम्या सतत येतायत.

पहिली अपघातांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या बिकानेरमध्ये १७ वर्षांची एक पॉवरलिफ्टर सराव करत असताना २७० किलोचा रॉड तिच्या मानेवर पडला आणि तिचा मृत्यू झाला. त्या घटनेचा व्हिडिओ देशभर फिरला. तो बघून अनेक घरांमध्ये 'हे बंद कर' हा संवाद झाला असणार.

दुसरी इंजेक्शनची. मेफेन्टरमाइन हे औषध खरं तर शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला, तर तो वर आणण्यासाठी वापरतात. व्यायामाआधी ताकद वाटावी म्हणून ते जिममधल्या पोरांना बेकायदा विकणाऱ्यांवर पुणे पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या आहेत.

तिसरी डोपिंगची. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था म्हणजे वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यातले २१३ पॉझिटिव्ह आले. हे प्रमाण ३.८ टक्के होतं. २०२४ मध्ये ७,११३ नमुन्यांपैकी २६० पॉझिटिव्ह आले, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये हे प्रमाण सर्वात जास्त आहे.

या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वाटतात. पण एका साध्या दुखण्यापासून सुरू झालेला माणूस या तिन्हींपर्यंत कसा पोहोचू शकतो, ते पुढे बघू.

आधी खेळ समजून घेऊ

पॉवरलिफ्टिंग आणि वेटलिफ्टिंग हे दोन वेगळे खेळ आहेत. मीराबाई चानू करते ते वेटलिफ्टिंग. त्यात वजन डोक्यावर न्यावं लागतं आणि तो खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे तीन प्रकार असतात. प्रत्येकाचे तीन प्रयत्न मिळतात. तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे 'टोटल'. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. पॅरालिंपिकमध्ये त्याचा फक्त बेंच प्रेसवाला प्रकार असतो. त्याच प्रकारात २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या सुधीरने सुवर्ण जिंकलं होतं.

आपल्या विषयासाठी यातला एक नियम फार महत्त्वाचा आहे. स्क्वॉट 'गुड लिफ्ट' ठरण्यासाठी खाली बसल्यावर खुब्याजवळचा मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली जावा लागतो. तीन पंच बसलेले असतात आणि त्यातल्या दोघांनी तरी पांढरा दिवा द्यावा लागतो. तीनही प्रयत्न फसले तर टोटलच होत नाही, म्हणजे तुम्ही स्पर्धेतून बाद.

घरी, जिममध्ये दुखतंय म्हणून थोडं वरूनच उठता येतं. स्पर्धेत ती सोय नाही. आणि खुबा नेमका त्या शेवटच्या दोन-तीन इंचांतच ओरडतो.

'कंबर दुखतेय' म्हणजे नक्की काय?

इथे एक मराठी अडचण आहे. इंग्रजीत 'हिप' म्हटलं की आपण त्याला कंबर म्हणतो, कधी कुल्ला म्हणतो, कधी मांडीचा सांधा, कधी खुबा. डॉक्टरसमोर बसून 'कंबर दुखतेय' म्हटलं की गाडी मणक्याकडे वळते. मग मणक्याचा एक्स-रे निघतो, पट्टा मिळतो आणि खुबा आहे तिथेच राहतो.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल डोका आणि ओटीपोटाच्या हाडातली वाटी यांचा सांधा. वाटीच्या काठाला लॅब्रम नावाची एक मऊ कडा असते. साधं चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. आता त्यात खांद्यावर १८० किलो मिळवा.

म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी बोट ठेवून सांगता आलं पाहिजे की नक्की कुठे दुखतंय. ढोबळमानाने असं :

जांघेत, पुढच्या बाजूला दुखतंय आणि खोल बसल्यावर चिमटल्यासारखं वाटतंय, तर दुखणं खुद्द सांध्याशी किंवा पुढून मांडी उचलणाऱ्या स्नायूशी संबंधित असू शकतं. अनेक जण अशा वेळी अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी 'सी' करून खुब्याला धरून दाखवतात.

मांडीच्या आतल्या बाजूला दुखतंय आणि पाय फाकवून उभं राहताना, सुमो डेडलिफ्ट करताना जास्त जाणवतंय, तर अ‍ॅडक्टर म्हणजे मांड्या जवळ आणणारे स्नायू तपासावे लागतात.

बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यावर दुखतंय आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, तर तिथल्या स्नायूबंधाचा त्रास असू शकतो.

मागे, कुल्ल्यात दुखतंय आणि कळ पायात खाली जातेय, तर मात्र मणका तपासणं गरजेचं आहे.

खेळाडूंच्या जांघेतल्या दुखण्याला कुणी काही म्हणायचं आणि कुणी काही. म्हणून तज्ज्ञ दोहामध्ये एकत्र बसले आणि २०१५ मध्ये त्यांनी या दुखण्याचे गट ठरवून दिले. जगभरातल्या तज्ज्ञांना जिथे एकमत करायला बसावं लागलं, तिथे तीस सेकंदांच्या रीलमध्ये तुमच्या खुब्याचं निदान होईल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुखतं कशामुळे? हाड, स्नायू की हिशेब?

जिममध्ये सध्या एक शब्द फार चालतो, 'इम्पिंजमेंट'. सांगायचं तर मांडीच्या हाडाचा डोका पूर्ण गोल नसेल किंवा वाटीचा काठ जास्त पुढे आलेला असेल, तर खोल वाकताना दोन्ही हाडं एकमेकांना लवकर भिडतात. पहिल्या प्रकाराला कॅम म्हणतात, दुसऱ्याला पिन्सर.

मग एमआरआय काढला, त्यात 'कॅम' आणि 'लॅब्रम टिअर' लिहून आलं, की निदान झालं का?

थांबा. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खुब्याचं काहीही दुखणं नसलेल्या लोकांच्या २,११४ खुब्यांची तपासणी पाहिली गेली. ३७ टक्क्यांमध्ये कॅम आढळला. खेळाडूंमध्ये तर हे प्रमाण जवळपास ५५ टक्के होतं. आणि ज्यांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या ६८ टक्क्यांमध्ये लॅब्रमची इजा दिसली. पुन्हा सांगतो, यातल्या कुणालाही दुखत नव्हतं.

म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी निघणं ही फार मोठी गोष्ट नाही. म्हणूनच २०१६ मध्ये तज्ज्ञांनी असं ठरवलं की रुग्णाची तक्रार, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि फोटो या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्याला इम्पिंजमेंट सिंड्रोम म्हणायचं. फक्त रिपोर्ट वाचून घाबरू नका आणि फक्त रिपोर्ट बघून ऑपरेशन ठरवूही नका.

ऑपरेशनचं काय? ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांत ३४८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञ फिजिओने आखून दिलेले व्यायाम यांची तुलना केली. २०१८ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांना फायदा झाला होता आणि शस्त्रक्रियेच्या गटाला तो थोडा जास्त होता. शस्त्रक्रिया हा खोटा पर्याय नाही. पण आठ आठवड्यांवर स्पर्धा आहे म्हणून घाईत घ्यायचा पर्यायही नाही. आधी व्यायाम आणि सरावातला बदल, त्याने नाही भागलं तर पुढचा विचार, असाच क्रम साधारण धरला जातो.

मग एवढ्या लोकांची हाडं अशी असूनही दुखतं मात्र काहींनाच, असं का? अनेकदा उत्तर हाडांत नसून वहीत सापडतं. गेल्या सहा आठवड्यांत स्क्वॉटचे सेट किती वाढले? आठवड्यात एकदा बसायचात, ते तीनदा झालं का? नवीन कोचचा नवीन प्रोग्रॅम सुरू केला का? पाय फाकवून बसण्याचं अंतर बदललं का? स्क्वॉटच्या दुसऱ्याच दिवशी सुमो डेडलिफ्ट ठेवलंय का? झोप कमी झालीये का? शरीर वजनाला घाबरत नाही, अचानक वाढलेल्या वजनाला घाबरतं.

आजोबा शंभर बैठका मारायचे, त्यांना नाही झालं काही

हा युक्तिवाद पुण्यात हमखास ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. या शहराला तालमींची परंपरा आहे. चिंचेची तालीम, नगरकर तालीम ही नावं पेठेतल्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाहीत. शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं महाराष्ट्रीय मंडळही शंभरी ओलांडून गेलं. जोर आणि बैठका हा इथला जुना अभ्यासक्रम आहे.

पण बैठक आणि स्क्वॉटमध्ये एक मोठा फरक आहे. बैठकेत वजन स्वतःचंच असतं, संख्या वाढते. पॉवरलिफ्टिंगमध्ये संख्या कमी होते आणि वजन वाढत जातं. शिवाय पैलवान लहानपणापासून वर्षानुवर्षं खाली बसत आलेला असतो. आपला लिफ्टर दिवसभर गाळ्यावर खुर्चीत बसतो, घरी कमोड वापरतो आणि संध्याकाळी साडेसातला खुब्याला एकदम सांगतो की आता पूर्ण खाली जा, तेही १८० किलो घेऊन.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकाच्या वाटीची खोली आणि मांडीच्या हाडाचा पीळ वेगळा असतो. त्यामुळे 'पाय खांद्याइतके आणि पंजे समोर' ही एकच पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही. शेजारच्याला अरुंद उभं राहून बसता येतं आणि तुम्हाला पंजे बाहेर वळवावे लागतात, यात तुमचं काही चुकत नाही.

मग सराव थांबवायचा की नाही?

बहुतेक वेळा पूर्ण थांबवायची गरज नसते, पण तसाच चालूही ठेवायचा नसतो.

स्वीडनमध्ये १०४ पॉवरलिफ्टर्सचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही दुखापत होती आणि ८७ टक्क्यांना गेल्या वर्षभरात झाली होती. कंबर, खांदा आणि खुबा या जागा वरच्या क्रमांकावर होत्या. पण यातल्या बहुतेकांनी सराव पूर्ण सोडला नव्हता, बदलला होता. दुसरीकडे, सरावाच्या दर हजार तासांमागे दुखापती मोजल्या तर पॉवरलिफ्टिंगमध्ये हे प्रमाण साधारण १ ते ४.४ इतकं येतं. म्हणजे हा खेळ आईला वाटतो तितका भयंकर नाही आणि जिममधले सांगतात तितका निरुपद्रवीही नाही.

फिजिओ अशा वेळी दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगतात. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. दोन-तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यासारखं होत असेल, तर तो व्यायाम साधारण चालू ठेवता येतो. चार-पाचला सावध व्हायचं. त्याच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना लंगडावं लागलं, तर कालचं काम जास्त झालं असं समजायचं. यात सकाळचा निकाल सर्वात महत्त्वाचा. जिममध्ये अंग तापलेलं असतं, गाणी चालू असतात, मित्र ओरडत असतात. तेव्हा खुबा खरं बोलत नाही.

आपल्या लिफ्टरचे आठ आठवडे साधारण असे जाऊ शकतात. हा नमुना आहे, प्रत्येकाचं गणित फिजिओ आणि कोचने मिळून मांडायचं.

पहिले दोन आठवडे : दुखण्याच्या आत राहणारा प्रकार शोधायचा. मागे बॉक्स ठेवून थोडं वरपर्यंतच बसणं, पायांतलं अंतर किंवा पंजांचा कोन बदलणं, हळू खाली जाणं, वजन आणि सेट कमी करणं. सुमोने त्रास होत असेल तर साधं डेडलिफ्ट. बेंच प्रेस नेहमीसारखं चालू. सोबत खुब्याचे आणि मांडीच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम. यातला 'कोपनहेगन' नावाचा व्यायाम नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंवर तपासला गेलाय. तो करणाऱ्यांमध्ये जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी आढळल्या. फुटबॉल आणि पॉवरलिफ्टिंग वेगळे आहेत, पण स्नायू तोच आहे.

तिसरा ते पाचवा आठवडा : दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची. आधी खोली, मग वजन. दोन्ही एकदम नाही. पाचव्या आठवड्याच्या शेवटी हलक्या वजनाने का होईना, स्पर्धेच्या खोलीपर्यंत जाता आलं पाहिजे.

सहावा आठवडा : निर्णयाचा दिवस. स्पर्धेत पहिल्या प्रयत्नाला जे वजन सांगायचंय, ते पूर्ण खोलीत, पंचाच्या आज्ञा पाळून उचलायचं. दुखणं तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळी ठीक, तर स्पर्धा खेळायची. नाही, तर यावेळी नाही. काही स्पर्धांमध्ये फक्त बेंच प्रेसचा वेगळा गट असतो, तोही विचार करता येतो.

शेवटचे दोन आठवडे : काम कमी करत जायचं. या काळात नवीन स्ट्रेच, नवीन बूट, नवीन मालिशवाला, काहीच नवीन नको.

निर्णयाची तारीख आधीच ठरवणं यात सर्वात उपयोगी आहे. कारण स्पर्धेच्या आदल्या रात्री, बॅग भरलेली असताना, कुणीच 'मी खेळत नाही' असं म्हणत नाही.

आणि सराव करताना खुबा अचानक धरला तर? वजन तेव्हा खांद्यावर असतं आणि तुम्ही सर्वात खाली असता. म्हणून रॅकचे सेफ्टी बार योग्य उंचीवर लावलेले हवेत. जड सेटला दोन्ही बाजूंना माणूस हवा आणि त्याचं लक्ष मोबाईलवर नको. दुखत असताना एकट्याने जड स्क्वॉट करायचाच नाही.

मीराबाईने काय केलं?

खुब्याच्या दुखापतीतून परतण्याचं आपल्याकडचं सर्वात मोठं उदाहरण मीराबाई चानूचं आहे. खेळ शेजारचा आहे, पण गोष्ट तीच आहे.

टोकियोत तिने २०२ किलो उचलून रौप्य जिंकलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ती खुब्याच्या दुखापतीने जायबंदी झाली. एकूण १९१ किलो आणि चौथा क्रमांक. त्यानंतर जवळपास सहा महिने ती स्पर्धेत उतरली नाही. एप्रिल २०२४ मध्ये फुकेतला परतली तेव्हा तिने उचललं १८४ किलो. म्हणजे टोकियोच्या साधारण ९१ टक्के. तिने तिथे विक्रमाचा नाद केला नाही. पॅरिसच्या पात्रतेसाठी ती स्पर्धा खेळणं गरजेचं होतं, तेवढं काम करून ती बाहेर पडली. पॅरिसमध्ये १९९ किलोवर एका किलोने कांस्य हुकलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेतल्या जागतिक स्पर्धेत ४८ किलो गटात १९९ किलो उचलून तिने रौप्य मिळवलं.

दुखापत ते जागतिक पदक हा प्रवास दोन वर्षांचा होता. तिच्यामागे राष्ट्रीय शिबिर आणि सगळी यंत्रणा होती, हेही विसरायला नको.

नीरज चोप्राची गोष्टही याच जागेची. जांघेच्या त्रासामुळे त्याने मे २०२४ मध्ये एका स्पर्धेतून माघार घेतली. ऑगस्टमध्ये पॅरिसला त्याच्या सहापैकी पाच फेकी फाऊल गेल्या, एकच बसली, ८९.४५ मीटरची. तीच रौप्यपदक देऊन गेली.

आणि आपल्या सांगलीच्या संकेत सरगरचं काय झालं? २०२२ च्या बर्मिंगहॅममध्ये तो आघाडीवर होता. १३९ किलो उचलताना कोपर दुखावलं. तरी त्याने तिसरा प्रयत्न केला. तोही फसला आणि एका किलोने सुवर्ण गेलं. राष्ट्रकुलच्या मंचावर देशासाठी घेतलेला तो निर्णय समजू शकतो. पण जिल्हा स्पर्धेतल्या ८३ किलो गटात तोच निर्णय घ्यायचा का, याचं उत्तर प्रत्येकाने घरी बसून शांतपणे द्यावं.

गोळी आणि इंजेक्शन : इथे खरा घोळ होतो

आता त्या मेडिकलवाल्याकडे परत येऊ.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही साधी वेदनाशामकं डोपिंगच्या यादीत नाहीत. पण ती रोज घेऊन सराव करणं म्हणजे धुराचा अलार्म बंद करून स्वयंपाक करत राहणं. शिवाय पोट आणि किडनीवर त्यांचा भार येतो, तो वेगळाच.

ट्रॅमाडॉलची गोष्ट वेगळी आहे. १ जानेवारी २०२४ पासून ते स्पर्धाकाळात बंदी असलेल्या यादीत आहे. जोरात दुखल्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल असतं. आजीच्या डब्यातली उरलेली गोळी घेतली आणि चाचणी झाली, तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

सांध्यात घेतलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन तर अनेकांना माहीतच नसतं. हे बॉडी बनवायचं स्टेरॉइड नाही, सूज कमी करणारं ग्लुकोकॉर्टिकॉइड आहे, डॉक्टरच देतात. पण १ जानेवारी २०२२ पासून ते कुठेही टोचलं तरी स्पर्धाकाळात बंदी आहे. वाडाच्या तक्त्यानुसार ट्रायमसिनोलोन सांध्यात दिलं तर ते अंगातून जायला १० दिवस धरतात. तेच दंडात किंवा कुल्ल्यावर स्नायूत दिलं तर ६० दिवस. आपल्या लिफ्टरची स्पर्धा ५६ दिवसांवर आहे. बघा हिशेब.

'स्पर्धाकाळ' आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. उपचार खरंच गरजेचा असेल तर कागदपत्रं देऊन सूट मागायची पद्धत आहे. आणि नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून तपासता येतं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, "मी स्पर्धा खेळतो."

आणि मेफेन्टरमाइन? ते बंदी असलेलं उत्तेजक आहे आणि पकडलं गेलं तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पण त्याआधी हृदयाचा प्रश्न आहे. त्याने दुखणं बरं होत नाही, फक्त थकवा आणि भान कमी होतं. दुखऱ्या खुब्यावर, भान नसताना, जड वजन. पुढचं सांगायला नको.

दाखवायचं कुणाला?

जिम ट्रेनर होण्यासाठी डॉक्टर किंवा फिजिओसारखी परिषदेची नोंदणी लागत नाही. चांगले ट्रेनर आहेत, पण निदान करणं हे त्यांचं काम नाही. फिजिओथेरपिस्टची मात्र नोंदणी असते. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची परिषद आहे आणि २०२१ मध्ये केंद्रानेही त्यासाठी कायदा केला. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

पैशांचा प्रश्न खरा आहे. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि मालकाने ईएसआयसी भरलं असेल, तर कार्डावर उपचार मिळतात, आणि कामगार विमा रुग्णालय बिबवेवाडीतच आहे. कार्ड नसेल तर ससूनचा अस्थिरोग विभाग आहे. रांग असते, वेळ जातो. पण केसपेपरचा खर्च प्रोटीनच्या डब्यापेक्षा नक्कीच कमी आहे.

पुढच्या गोष्टी असतील तर मात्र आठ आठवड्यांचा प्लॅन वगैरे विसरा आणि लगेच दाखवा. पायावर भार देता येत नाही. रात्री झोपेत, काही न करता दुखतं. ताप आहे. जांघेत गाठ किंवा फुगवटा दिसतो. अंडकोषात दुखतं किंवा सूज आहे. पाय बधिर झालाय, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखा वाटतो. मुलींमध्ये वजनी गटासाठी खाणं कमी केलंय, पाळी थांबलीये आणि जांघ दुखतेय, तर हाडाला बारीक तडा असू शकतो.

एक आजार आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावा लागेल. एव्हीएन, म्हणजे खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणं. भारतात तरुण वयात खुबा बदलावा लागण्यामागे हे एक मोठं कारण आहे. आजारपणात घेतलेली जास्त स्टेरॉइडं आणि दारू यांच्याशी त्याचा संबंध आहे. कोरोनानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी चाळिशीच्या आतले असे रुग्ण नोंदवले होते. सुरुवातीला ते 'जांघेत जरा दुखतंय' असंच वाटतं. साध्या एक-रेमध्ये ते सुरुवातीला दिसेलच असं नाही, एमआरआय लागतो. म्हणून कोरोनात किंवा इतर आजारात स्टेरॉइड घेतली असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

शेवटी

जिमच्या भिंतीवर ज्याचा फोटो असतो तो रॉनी कोलमन आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया झाला. त्याचे ८०० पाऊंडांच्या स्क्वॉटचे व्हिडिओ अजून फिरतात. त्याच माणसाचे पुढे दोन्ही खुबे बदलावे लागले, हा व्हिडिओ मात्र तितका फिरत नाही.

आपल्या बिबवेवाडीच्या मुलाने यातलं काय करावं? आज वही काढावी आणि गेल्या सहा आठवड्यांचे सेट मोजावेत. या आठवड्यात नोंदणी असलेल्या फिजिओला किंवा अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं आणि 'कंबर' न म्हणता बोट ठेवून जागा दाखवावी. कॅलेंडरवर सहाव्या आठवड्याच्या शनिवारवर खूण करावी. त्या दिवशीचा निकाल काय आला तरी मान्य करणार, हे आत्ताच आईला आणि कोचला सांगून ठेवावं.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा असेल. ८३ किलोचा गटही असेल.